टांगाईलचा फोटो आणि जंगी पलटणीतले काका

१६ डिसेंबर, म्हणजे १९७१ चं पाकिस्तानशी युद्ध जिंकल्याचा विजय दिवस, जवळ आला की आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन फोटो हमखास फिरतात. एक ढाक्याच्या रेसकोर्सवरचा, पाकिस्तानचा जनरल नियाझी शरणागतीवर सही करतोय, शेजारी आपले जनरल अरोरा बसलेत आणि मागे सगतसिंग, जेकब, नौदलाचे कृष्णन, हवाई दलाचे दिवाण उभे आहेत. दुसऱ्यात आभाळभर पॅराशूट्स आणि खाली ओळ, 'टांगाईल, ११ डिसेंबर १९७१'. पहिला फोटो अगदी खरा, त्याच दिवसाचा. दुसरा मात्र टांगाईलचा नाहीच.

झालं असं होतं की ११ डिसेंबरला दुपारी उशिरा आपली २ पॅरा बटालियन, म्हणजे पॅराशूटने उतरणारी पलटण, आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ उतरली, पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायला, म्हणजे उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेचा रस्ता तोडायला. माणसं साधारण ७००. पण वर्तमानपत्रांना द्यायला त्या उडीचा फोटो कुठून आणणार, म्हणून सैन्याचे तेव्हाचे प्रसिद्धी अधिकारी राममोहन राव यांनी आग्र्याच्या एका जुन्या सरावाचा फोटो दिला, ज्यात आख्खी ब्रिगेड उडी मारतेय, आणि तो सरावाचा आहे हे काही खाली लिहिलं नाही. परदेशी पेपरांत तो छापून आला आणि आकडा झाला ५०००. ही गोष्ट राव यांनी नंतर स्वतःच सांगितलीय. आणि २ पॅरा म्हणजे कोण, तर आपली जुनी तिसरी मराठा, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले माणगावकडचे यशवंत घाडगे ज्या पलटणीत होते तीच. हे आपल्याकडे किती जणांना माहितीये?

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात, मूळचे साताऱ्याकडचे, पहिल्या मराठामधून म्हणजे जंगी पलटणीतून रिटायर झाले आणि मग वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत सिक्युरिटीला होते. ७१ ला ते मेघालयच्या बाजूने कमालपूर, बक्षीगंज, जमालपूर असे लढत खाली आले. जमालपूरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमदने उत्तरादाखल चिठ्ठीत गोळी गुंडाळून पाठवली होती ही गोष्ट पुस्तकांत वाचायला मिळते, पण काका त्याबद्दल फार बोलत नाहीत, ते बोलतात त्यानंतरच्या एका रात्रीबद्दल, जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसलेले असताना ती बलुच पलटण काकांच्या पलटणीवर चालून आली त्याबद्दल. तेही दोन वाक्यं बोलतात आणि थांबतात.

मी त्यांना पॅराशूटवाला फोटो मोबाईलवर दाखवला. चष्मा वर सरकवून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ह्यो तिथला न्हाई बाळा. आम्ही दुसऱ्या दिशी सांजच्याला पुंगलीला पोचलो तवा छत्र्या शेतात पडल्या हुत्या, गावातली माणसं आपल्या पोरांच्या दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घिऊन पळत हुती. फुडनं मराठीत शिव्या ऐकू आल्या तवा कळलं आपलीच हायती. त्याचा फोटो हाय का कुणाकडं?"

नाहीये. दोन मराठा पलटणी अंधार पडता पडता परमुलखात एका पुलावर भेटल्या, त्याचा फोटो मी तरी कुठे बघितलेला नाही, आणि जो जगभर गेला तो आग्र्याचा. मी विचारलं, काका, राग नाही येत? तर म्हणाले, त्यो फोटो बगून समोरचा घाबरला असंल तर चार पोरं वाचली, बरंच झालं. मला हे पटतं. युद्धात तो फोटो शस्त्रासारखा वापरला, ठीक आहे. पण आता इतकी वर्षं झाल्यावर तरी खाली 'आग्रा, सराव' असं लिहायला काय हरकत आहे? जे खरोखर उतरले त्यांचा तेवढा हक्क आहे.

शरणागतीच्या फोटोबद्दल मात्र काका चिडतात. डिसेंबर २०२४ मध्ये लष्करप्रमुखांच्या कार्यालयातून तो काढून तिथे नवीन चित्र लावलं, पँगाँग तलाव, चाणक्य, कृष्णाचा रथ वगैरे असलेलं. त्यावर कितीतरी निवृत्त अधिकारी उघडपणे नाराज झाले, मग १६ डिसेंबरला तो दिल्लीतल्या माणेकशॉ सेंटरमध्ये लावला आणि सांगितलं की इथे जास्त लोक बघतील. असतीलही. पण ९३,००० युद्धकैदी ज्या सहीने झाले तो फोटो प्रमुखांकडे भेटायला येणाऱ्या परदेशी पाहुण्याला दिसायला हवा, असं मलाही मनापासून वाटतं.

लढलेला माणूस फोटो वेगळाच बघतो. आपण झेंडा बघतो, तो बूट, पट्टा, पिठ्ठू म्हणजे पाठीवरची पिशवी बघतो. जपानच्या इवो जिमा बेटावरचा तो अमेरिकन फोटो घ्या, २३ फेब्रुवारी १९४५, जो रोझेन्थल नावाच्या फोटोग्राफरने काढलेला, सहा जण झेंडा उभा करतायत. त्यातले तिघे पुढच्या काही आठवड्यांत त्याच बेटावर मेले. उरलेल्यांची नावं सत्तर वर्षं सगळ्यांना पाठ होती, आणि त्यातली दोन चुकीची निघाली! काही हौशी अभ्यासकांनी हेल्मेटचा पट्टा, कमरेची पाकिटं असलं बारीकसारीक जुळवून दाखवलं, तेव्हा अमेरिकेच्या मरीन कोअरने, म्हणजे त्या सैनिकांच्याच दलाने, २०१६ मध्ये एक आणि २०१९ मध्ये दुसरं नाव बदललं. खरे होते ते हॅरॉल्ड शुल्त्झ आणि हॅरॉल्ड केलर, दोघंही तोपर्यंत वारले होते आणि दोघांनीही जाहीरपणे कधी सांगितलं नाही की बाबांनो, तो मी आहे. शुल्त्झ तर लॉस एंजेलिसला पोस्टात नोकरी करत होता. का बोलला नसेल, हे मला काकांकडे बघून थोडंफार कळतं.

कारण काकांकडे पण एक फोटो आहे. पलटणीतल्या त्यांच्या कंपनीचा, म्हणजे तुकडीचा, ग्रुप फोटो, लढाईच्या काही महिने आधीचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, डाव्या कोपऱ्यात बुरशीचे पांढरे ठिपके आलेत. मागे काहीच लिहिलेलं नाही. परवा तो मी फोनवर नीट स्कॅन केला आणि आम्ही झूम करत बसलो. काका चेहऱ्यावर बोट ठेवत नाहीत, खाली नख टेकवतात आणि गाव सांगतात, ह्यो वडूजचा, ह्यो पाटणचा, ह्यो महाडचा. मधेच नख टेकवून गप्प होतात, पुढच्यावर जातात. मी विचारलं नाही, नंतर त्यांनीच त्या चेहऱ्यांचं सांगितलं, "ही परत आली न्हाईत." मग वहीत लिहून घेतलं सगळं, रांग, नंबर, नाव, गाव.

दोघं जण अजून लागत नाहीयेत. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा, उजव्या हाताच्या करंगळीला पट्टी बांधलेली, आणि त्याच्या बरोब्बर मागे उभा असलेला, घड्याळ शर्टाच्या बाहीवरून बांधलेला, बाकी कुणी तसं बांधलेलं नाही. काकांना वाटतं मागचा खानापूरकडचा असावा. तुमच्या घरात कुणी ७१ ला जंगी पलटणीत असेल, वडील, आजोबा, मामा कुणीही, ठाण्यातच नाही कुठेही, तर कमेंटमध्ये कळवा, मी तो भाग मोठा करून पाठवतो. आणि ते अजून असतील तर प्लीज त्यांनाच दाखवा, तुम्ही स्वतः ओळखायला जाऊ नका, त्यांना घड्याळावरून आठवेल.