वेळेची कामं रात्रीला, हातांची सकाळला

तुम्ही विचारलंत म्हणून. वावरात जाणाऱ्या घरांतून हा प्रश्न सारखा येतो: पहाटे 5 ला उठलं तरी डबा, ढोरं, पोरांची शाळा आणि पाणी एकदमच अंगावर येतं, मग रात्रीच काय करून ठेवावं?

पुष्कळ जणी सकाळचीच कामं रात्री उरकायला बघतात. भाजी चिरून ठेवतात, कणीक भिजवून ठेवतात, आणि 11 ला झोपतात. याने सकाळ हलकी होत नाही, नुसती झोप जाते. रात्री ती कामं लावायची जी तुम्ही झोपल्यावर आपोआप होतात, म्हणजे भिजणं, विरजणं, आंबणं, निवळणं, गार होणं, चार्ज होणं. ही कामं लावायला 2-2 मिनिटं लागतात, पण व्हायला 6-8 तास. सकाळी आठवली तर कितीही धावपळ करून होत नाहीत. हातांची कामं सकाळी होतात.

आधी भिजत घालणं. बरबटीला (चवळीला) 6 ते 8 तास पुरतात, हरभऱ्याला 8 ते 10. तुरीच्या डाळीला रात्रभर भिजायची गरजच नाही, अर्धा तास खूप झाला. मटकीचा हिशेब वेगळा: आज सकाळी भिजवा, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा, तर उद्या मोड. थंडीत आणखी अर्धा-एक दिवस धरा. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी 7 ला भिजवलेलं कडधान्य पहाटेपर्यंत फेसाळतं, वास मारतं. त्या दिवसांत झोपताना भिजवा आणि सकाळी ते पाणी फेकून द्या. बोअरच्या जड पाण्यात डाळ तासभर उकळूनही टणक राहते ती त्यातल्या क्षारांमुळे. अशा गावात भिजवायला आणि शिजवायला तेवढं गोडं पाणी वेगळं ठेवा, आणि चिंच किंवा टमाटर डाळ मऊ झाल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की डाळ मऊ होता होत नाही.

ज्वारीचं पीठ मात्र रात्री मळू नये. त्याला गव्हासारखा चिकटपणा नसतो. मळून ठेवलं की भाकर थापताना कडा फाटतात. पीठ चाळून परातीत झाकून ठेवा, मीठ-तिखटाचा डबा जवळ ठेवा, तेवढं पुरे. गव्हाची कणीक थंडीत रात्रभर टिकते, उन्हाळ्यात आंबते.

दह्याचं ऋतूप्रमाणे बदलतं. अर्धा लिटर कोमट दुधाला उन्हाळ्यात अर्धा चमचा विरजण पुष्कळ, तेही झोपायच्या वेळी. 4-5 तासांत दही लागतं. 8 ला लावलं तर सकाळी आंबटढाण निघतं. डिसेंबरात दूध जरा जास्त गरम, विरजण भरून एक चमचा, आणि भांडं गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून चुलीजवळ. उन्हाळ्यात वावरात न्यायला आंबील करत असाल तर 4 चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून रात्री झाकून ठेवा. सकाळी 3 वाट्या पाण्यात मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालून उकळी आणा आणि हे पीठ हळूहळू ओतत ढवळत राहा, नाहीतर गोळे होतात.

पाण्याकडे सर्वात जास्त लक्ष द्या. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर कोठीत तुरटीचा खडा 2-3 वेळा फिरवून रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं निवळ पाणी अलगद काढून दुहेरी फडक्याने गाळा. पण तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून निवळल्यावर उकळा, किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यातच थेंब टाकले तर क्लोरीन गाळावरच खर्च होतो. उन्हाळ्यात माठ रात्री भरा, वारा लागेल अशा जागी ठेवा आणि आतून साबणाने घासू नका. छिद्रं बुजली की पाणी झिरपत नाही, आणि झिरपलं नाही तर गार होत नाही.

गोठ्यात सरकीची ढेप, म्हणजे पेंड, संध्याकाळी भिजत घाला, किलोला अडीच-तीन लिटर पाणी. सकाळी धार काढताना ती मऊ फुगलेली असते. बुरशीचा वास आला तर ढोरांना घालू नका. पऱ्हाट्या आणि तुराट्या (कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडं) दोन वेळच्या पुरतील एवढ्या रात्रीच आत घ्या. दवाने ओलावल्या की चूल धुमसते आणि सकाळचा अर्धा तास फुंकण्यात जातो.

फवारणीच्या दिवसांत पंपाची बॅटरी झोपताना लावा, बहुतेक पंपांना 6 ते 8 तास लागतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, मास्क, चष्मा एका पिशवीत दाराशी लटकवा. सकाळी शोधावं लागलं की माणूस त्याविनाच निघतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले, म्हणून एवढं निक्षून सांगतो. औषध रात्री कालवून ठेवू नका, त्याचा जोर कमी होतो आणि घरात पोरं असतात. उपाशी पोटी तर फवारायला जाऊच नये, त्यासाठी रात्री भिजवलेली बरबटी कामी येते.

कापूस वेचाईच्या दिवसांत मात्र उगाच पहाटे घाई करू नका. दव वाळायच्या आत वेचलेला कापूस ओला भरतो, गंजीत पिवळा पडतो, भाव पडतो. थंडीत ऊन नीट चढू द्या. तो मोकळा वेळ पोरांच्या वेण्यांना आणि डब्याला मिळतो.

जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, गेलेला माणूस पहाटे घरी येत असेल तर त्याचं जेवण झाकून, अंथरूण घालून ठेवा आणि सकाळची कामं त्याच्यावर टाकू नका. रात्री डुकरं हाकलून, सकाळी बैल हाकून कोणी टिकत नाही. त्याची टॉर्च आदल्या दुपारीच चार्जिंगला लावा, आणि बूट घालण्याआधी झटकून घ्यायची आठवण द्या, विंचू तिथेच बसतो.

ही सगळी कामं घरातल्या एकाच बाईने केली तर तिची झोप अर्ध्या तासाने कमी झाली, एवढाच त्याचा अर्थ. वाटून घ्या. माठ आणि कोठी पोरांकडे, बॅटरी आणि पिशवी नवऱ्याकडे, ढेप आबाजींकडे. भिजवणं आणि विरजण तिच्याकडे राहू द्या, कारण दूध किती कोमट हे तिच्या बोटाला कळतं, पण तेही एखाद्या पोराला शिकवून ठेवा. पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी धरा, पाणी आणि भिजवणं. त्या सवयीच्या झाल्या की मग बॅटरी, मग ढेप.