मुंबई–नागपूर विमानाने: हवेत सव्वा तास, दारापासून दारापर्यंत किती?

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. लोहमार्गाने तेच 837 किलोमीटर भरते आणि जून 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपासून धरला तरी 701 किलोमीटरचा आहे. तिकिटावर विमानाला दीड तासाच्या आसपास वेळ दाखवलेला असतो. प्रत्यक्षात चाके उचलल्यापासून टेकेपर्यंत तास-सव्वा तासच लागतो.

उरलेली मिनिटे मुख्यतः मुंबईच्या जमिनीवर खर्च होतात. सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि सकाळच्या गर्दीत विमानांची रांग लागते. आमचे विमान वेळेवर हलले, पण नंबर लागेपर्यंत बराच वेळ गेला. शिवाय नागपूर पूर्वेला असूनही उड्डाण नेहमीप्रमाणे पश्चिमेला, समुद्राकडे झाले आणि जुहूचा किनारा ओलांडल्यावर विमान वळसा घेऊन माघारी फिरले. नकाशावरची सरळ रेषा जवळजवळ छत्रपती संभाजीनगरवरून जाते. त्यामुळे आकाश निरभ्र असेल तर जाताना उजव्या खिडकीतून पैठणचा नाथसागर दिसण्याची शक्यता असते. आम्हाला त्याचे पाणी पत्र्यासारखे चकाकताना बराच वेळ दिसत होते. मात्र हिवाळ्यातल्या सकाळी त्याच बाजूला ऊन डोळ्यांवर येते, तेव्हा झोपायचे असेल त्यांनी डावी खिडकी घ्यावी.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब. ठाण्याहून विमानतळ गाठायला पहाटे कमी, पण एरवी तासाहून अधिक वेळ धरावा लागतो. सामान देण्याचे काउंटर बहुधा तासभर आधी बंद होते, म्हणून त्याआधी पोहोचणे आले. आणि नागपुरात सामान घेऊन सीताबर्डीपर्यंत जायला आणखी पाऊण तास. एकूण पाच तास सहज होतात. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी ठाण्यात थांबते आणि सकाळी नागपुरात उतरवते. झोपेचे तास वजा केले तर ठाणे-कल्याणकरांना विमानाचा फायदा वाटतो तेवढा मोठा नाही, असे माझे मत आहे. एकाच दिवसात काम उरकून परतायचे असेल तर मात्र विमानाला पर्याय नाही.

तिकीट काढताना मुंबईचे टर्मिनल अवश्य पाहावे. टी-1 सांताक्रूझला, टी-2 सहारला, आणि आता उलव्याचे नवी मुंबई विमानतळही यादीत दिसते. तिथून दादर-अंधेरीला जाण्यात स्वस्त तिकिटाची बचत संपू शकते. टी-1 आणि टी-2 या दोन्हींना भुयारी मेट्रो 3 ची स्थानके आहेत. नागपुरात मेट्रोचे विमानतळ स्थानक टर्मिनलच्या दारात नसून वर्धा रस्त्यावर आहे, तेव्हा जड सामान असल्यास रिक्षा किंवा टॅक्सी बरी.

परतीचा प्रवास हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे थोडा लांबतो, आणि संध्याकाळी मुंबईच्या अलीकडे घिरट्या घालाव्या लागल्या तर आणखी. त्यामुळे उतरल्यावर पुढची गाडी किंवा दुसरे विमान पकडायचे असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवावेत. संत्र्यांची पेटी आणायची असेल तर ती हातातल्या 7 किलोंत बसत नाही. चेक-इनच्या 15 किलोंत जागा आधीच मोकळी ठेवावी.