फवाऱ्याने पाठवायचा निरोप

रेणूंकरवी निरोप धाडायचा तर अंतर आडवं येतं. पाण्यात लहान रेणूला १ मायक्रोमीटर पसरायला साधारण अर्धा मिलिसेकंद पुरतो. १ मिलिमीटरला मात्र आठेक मिनिटं, कारण वेळ अंतराच्या वर्गाने वाढते. पेशींएवढ्या यंत्रांना हे जमतं. टेबलाएवढ्या अंतरासाठी मात्र वाफ ढकलायला पंखा हवाच.

२०१३ साली कॅनडा आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी अल्कोहोल फवारून मजकूर पाठवला. बडोद्यात दारूबंदी असली तरी सर्किट पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सहज मिळतं. सोबत अल्कोहोलची वाफ ओळखणारा एमक्यू-३ सेन्सर, त्याचा आकडा वाचायला आर्डुइनो हा छोटा प्रोग्रामेबल बोर्ड, फवाऱ्याची बाटली. फवारा म्हणजे १, काहीच नाही म्हणजे ०. सेन्सरचा हीटर ५ व्होल्टवर सुमारे १५० मिलिअँपिअर खातो, तो आर्डुइनोच्या डिजिटल पिनवर अजिबात जोडू नका. नवा सेन्सर आधी दिवसभर तापू द्या.

खरा घोळ उरलेल्या वाफेचा. आधीचा १ हवेत रेंगाळतो आणि पुढचा ० चुकून १ वाचला जातो. म्हणून एकच उंबरठा (ज्याच्या वर १, खाली ०) धरून बसू नका. आकडा चढतोय की उतरतोय ते पाहा, आणि दोन खुणांमधला वेळ वाढवा. वेग घटतो, पण निरोप शाबूत पोचतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने कोऱ्या हवेचं (फवारा नसतानाचं) वाचनही सरकतं, ते दरवेळी नव्याने घ्या. खिडक्या उघड्या, गॅसची शेगडी बंद.