ऐन भरिताच्या हंगामात खिचडी

नंदुरबार स्टेशनबाहेर शहाद्याच्या एसटीत चढले आणि कंडक्टरची नजर माझ्या सॅकवर खिळली. सॅक भाच्याची, साठ लिटरची. तो ती हिमालयात घेऊन गेला होता, म्हणून मीही तीच घेतली, एवढाच विचार. "मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे ताई, पोत्याला नाही," कंडक्टर म्हणाला. शेवटी ती माझ्याच मांडीवर बसली, एखाद्या जाडजूड पोरासारखी. नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या. नजर जाईल तिथपर्यंत लाल जमीन आणि अख्ख्या गाडीत ठसका.

शेजारच्या बाईनं प्रकाशा गाव येईपर्यंत दम धरला, मग विचारलंच, "काय इकाले उन्यात तुम्ही?"

विकायला नाही, फिरायला, म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. "एकल्याच? घरना काय म्हनतस?"

घरचे काय म्हणत होते ते तिला सांगितलं नाही. मी जळगावात एका पतसंस्थेत रोखपाल आहे. बावीस वर्षं एकाच खुर्चीत बसून नोटा मोजल्यानं पाठीचा खालचा भाग लाकडासारखा झाला होता. दिवाळीनंतर दहा दिवस रजा काढली. आधी तोरणमाळ, मग सातपुड्याच्या पायथ्यानं पूर्वेकडे सरकत चोपडा-यावलच्या पट्ट्यात पाच दिवसांचं योगशिबिर. आमच्याकडची माणसं डोंगर पाहायला महाबळेश्वर गाठतात. सातपुडा घराच्या गच्चीवरून दिसतो, म्हणून तो पाहायचा राहून जातो. मीही सत्तेचाळीस वर्षं तेच केलं.

शहाद्याहून गाडी घाटाला लागली की ऊस आणि पपई मागे पडतात, साग सुरू होतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटर उंच आहे. थंडीच्या दिवसांत संध्याकाळ झाली की यशवंत तलावावरून असा गारवा येतो की खाली जळगावात आपण पंखा लावून झोपतो हे खोटं वाटू लागतं. मी तलावाजवळ एका साध्या खोलीत राहिले. पहिल्या दिवशी तलावाला फेरी, दुसऱ्या दिवशी सीताखाई. पाऊस संपून दोन महिने झालेले, त्यामुळे धबधबा बारीक झाला होता, पण खाईची खोली पाहायला पाणी लागत नाही. काठावर उभं राहिलं की पाय आपोआप एक पाऊल मागे येतात. फोटो काढले, एकातही ती खोली आली नाही.

मच्छिंद्रनाथांच्या गुंफेकडे उतरताना मात्र माझं पितळ उघडं पडलं. खोलीला कुलूप नीट लागत नव्हतं, म्हणून सॅक पाठीवरच घेतली होती. वाकले, आणि कमरेत अशी कळ आली की तिथेच पायरीवर बसले. इथे गोरक्षनाथांचं मंदिर आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. हठयोगाची परंपरा सांगणारे लोक ज्या दोन नावांपासून सुरुवात करतात ती दोन्ही नावं या एकाच डोंगरावर, आणि मला त्यांच्या दारात वाकताही येईना. एक पुजारीबाबा येऊन पाणी देऊन गेले. त्यांनी सॅककडे पाहिलं, काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी घाट पायी उतरायचा ठरवलं होतं. हट्टानं उतरलेही, निम्मा. पुढून दोन पावरा आदिवासी बायका डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन चालल्या होत्या, पायात साध्या स्लिपरा. मान ताठ, कंबर सैल, आणि बोलणं चालूच. मी पट्टे ओढत, पुढे झुकून, फासफूस करत त्यांच्या मागे. वळणावर त्या दिसेनाशा झाल्या. मी जीपला हात केला.

शहाद्यात उतरल्यावर पहिलं काम केलं ते किराणा दुकानाच्या काट्यावर सॅक ठेवण्याचं. तेरा किलो दोनशे. माझं वजन अठ्ठावन्न. भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मावशी, वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जायचंच नाही, आणि तुझ्यासारखीनं पहिल्यांदा तर सहाव्याच्याही खाली." हे आधी का नाही सांगितलंस, तर म्हणे, विचारलंस कधी? दुकानाच्या ओट्यावरच सगळं बाहेर काढलं. दोन जास्तीच्या साड्या, टॉवेल एक नाही तर दोन, पूर्ण भरलेली शाम्पूची बाटली, छत्री (नोव्हेंबरात!), आईनं दिलेला दीड किलो चिवडा. चिवडा दुकानदाराच्या पोरांना दिला, बाकी चार किलोचं पार्सल घरी रवाना. मग भाच्यानं फोनवरून सॅक पुन्हा भरायला लावली. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या मधोमध. झोपायची चादर तळाला. आणि कमरेचा पट्टा, जो मी तीन दिवस शोभेचा समजून लोंबकळत ठेवला होता, तो कमरेच्या हाडांवर घट्ट. निम्म्याहून जास्त ओझं त्या पट्ट्यानं कमरेवर उतरतं. खांद्याच्या पट्ट्यांचं काम फक्त सॅक मागे पडू न देण्याचं. तीन दिवसांचा त्रास एका बकलमुळे होता.

शिरपूरमार्गे चोपडा, तिथून अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याच्या झऱ्यावर थांबले. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून हे पाणी काढलं अशी कथा सांगतात. कथा काही का असेना, त्या पाण्यानं कमरेला जे मिळालं ते मलमानं मिळालं नव्हतं.

शिबिर म्हणजे केळीच्या बागेला लागून एक पत्र्याची शेड, चार खोल्या, चार संडास आणि एक चिंच. जाहिरातीत 'रिट्रीट' लिहिलं होतं, त्यामुळे माझ्या डोक्यात पांढरे पडदे आणि झोपाळे होते. आम्ही अकरा जण. चालवणारे सर निवृत्त पी.टी. शिक्षक, मूळचे अमळनेरकडचे, आणि तो अभिमान लपत नव्हता. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, त्याआधी अमळनेरला शिकवत होते, हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. मी जळगावहून रेल्वेनं अमळनेरवरूनच नंदुरबारला गेले होते. मला ते स्टेशन म्हणजे फक्त 'चहा बरा मिळतो' एवढंच ठाऊक.

पहाटे साडेचारला उठणं, नऊपर्यंत मौन, फोन टोपलीत. मौन सोपं गेलं. काउंटरवर दिवसभर तीच तीच वाक्यं बोलणाऱ्या माणसाला ती मेजवानीच असते. बसून कंबर पिळायचं अर्धमत्स्येंद्रासन अवघड गेलं. मत्स्येंद्र म्हणजे आपले मच्छिंद्रनाथच. ज्यांच्या गुंफेत वाकता आलं नाही त्यांच्याच नावाचं आसन, तेही अर्धंच, आणि माझी मान वळायची पण कंबर जागची हलायची नाही. सर म्हणाले, "मान नका फिरवू. आधी बूड टेका, मणका वर काढा, मग पिळा. डोक्यावर मोळी घेतलेली बाई बघितली आहे का कधी?" बघितली होती. चार दिवसांपूर्वीच, पाठमोरी.

चौथ्या दिवशी शंखप्रक्षालन, म्हणजे मिठाचं पाणी पिऊन आतडी धुऊन काढायची योगक्रिया. आदल्या दिवशी सरांनी सगळ्यांचे कागद पुन्हा तपासले. रक्तदाब असलेले एक काका आणि अल्सर होऊन गेलेली एक मुलगी, दोघांना स्वच्छ नकार. काका रुसले. सर बधले नाहीत.

उरलो नऊ. संडास चार. हे गणित सकाळी सहाला फार महत्त्वाचं ठरलं.

पिंपात कोमट पाणी, लिटरला दोन चमचे मीठ. दोन ग्लास भराभर प्यायचे आणि लगेच पाच आसनं, प्रत्येकी आठ वेळा: ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन, उदराकर्षणासन. पुन्हा दोन ग्लास. साधं पाणी आतडी शोषून घेतात आणि ते लघवीवाटे जातं, मिठाचं पाणी मात्र आतड्यातच राहून पुढे सरकतं, हे सरांनी फळ्यावर नळ काढून समजावलं. आदल्या दिवशीच्या जलनेतीला, म्हणजे पाण्यानं नाक धुण्याला, मीठ कमी होतं, लिटरला नऊ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे रक्ताइतकंच खारट, म्हणून नाकात झोंबलं नव्हतं. हे पाणी मात्र जिभेला झोंबत होतं. सहाव्या ग्लासाला मळमळ. आठव्याला मी पिंपाशी उभी राहून खरोखर रडवेली झाले. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई शेजारी ताडासनात हात वर करून म्हणाल्या, "ऑडिट समजा. कागद बाहेर आल्याशिवाय सुटका नाही." मौन होतं, पण त्या वाक्यावर सरही हसले.

नवव्या-दहाव्या ग्लासानंतर आवाज न करता धावणारी माणसं दिसू लागली. रांगेत कुणी कुणाकडे बघत नव्हतं, आणि तरी दोन तासांत आम्ही एकमेकांच्या इतके जवळ आलो की नात्यातल्या लग्नातही येत नाही. कुणी सारखं आत-बाहेर करत होतं, कुणाचा मुहूर्तच लागत नव्हता. ज्याचं त्याचं पोट, ज्याची त्याची गती. माझं सोळाव्या ग्लासाला पाणी स्वच्छ आलं. मी दाराबाहेर येऊन विजयाचा अंगठा दाखवला आणि मग आपण नक्की कशाबद्दल अंगठा दाखवतोय हे लक्षात येऊन खाली घेतला.

नंतर पाऊण तास पडून राहायचं, पण झोपायचं नाही. ती पाऊण तासाची शांतता मला नीट लिहिता येणार नाही. अंगात ताकद नव्हती आणि काही खुपतही नव्हतं. चिंचेवरचे पोपट तेवढे बोलत होते. मग मऊ मूगडाळीची खिचडी, मिरची नाही, हळद नावापुरती, वर बुडेल इतकं तूप. आतड्यांना अस्तर हवं म्हणून तूप. आणि सूचना: आठवडाभर दूध, तिखट, आंबट, कच्चं काही नाही.

ही सूचना ऐकताना मी मान हलवली. तिचा अर्थ दोन दिवसांनी कळला.

परतीच्या वाटेवर यावल तालुक्यातल्या मावशीकडे थांबायचं कबूल केलं होतं. शिबिरातून गावफाट्यापर्यंत चार किलोमीटर सॅक घेऊन चालले, कमरेचा पट्टा आवळून, मान वर काढून, कळ न येता. शेताच्या बांधाशी पोचले आणि वास आला. मावसभावानं भरीत पार्टी ठेवली होती, खास माझ्यासाठी. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर हिरवी-पांढरी लांबट वांगी तडतडत होती. शेजारी हिरव्या मिरच्यांचा ढीग, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि चुलीवर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी. पंधरा माणसं जमलेली.

मी सॅकमधून मूगडाळीची पुडी काढली.

मावशीनं आधी पुडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "भरिताच्या दिवसांत खिचडी? दवाखान्यात होतीस का?" मी शंखप्रक्षालन समजावू लागले, पण जेवणाच्या पंगतीत ते फार पुढे नेता येत नाही. भावानं खिचडी टाकली. वांगी कुटायला घेतली, मिरच्या पडणार तेवढ्यात मावशीनं एक वांगं चिमट्यानं बाजूला ओढलं, साल काढली, मीठ भुरभुरलं आणि तुपाची धार धरून माझ्या ताटात ठेवलं. "ह्यात तिखट नाही, आंबट नाही, कच्चं नाही. खा."

सरांना फोन करून विचारायचं मी टाळलं.