मनातल्या दृश्यांचा आधार

लिंबाची फोड जिभेवर पिळल्याची नुसती कल्पना केली तरी तोंडाला पाणी सुटते. कल्पनेला शरीर असे खरेखुरे उत्तर देते, यावरच मार्गदर्शित कल्पनाचित्रणाची, म्हणजे सूचनांच्या आधारे मनात शांत दृश्ये उभी करून ताण हलका करण्याच्या पद्धतीची, सारी भिस्त आहे. ताणामुळे वाढलेले ठोके आणि आखडलेले स्नायू हुकूम सोडून सैल होत नाहीत, पण शांत जागेचे चित्र मनात ठरू लागले आणि श्वास संथ झाला की परानुकंपी चेतासंस्थेचे (शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या मज्जातंतूंच्या यंत्रणेचे) काम वाढून शरीर निवळू लागते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ योहानेस शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या शरीर सैल करण्याच्या पद्धतीतही हातपाय जड आणि उबदार होत असल्याची कल्पनाच करायची असते.

माझ्या मते केवळ समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणून भागत नाही. तळपायाखालची ओली वाळू, ओसरत्या लाटेबरोबर टाचेखालून सरकणारे तिचे कण, ओठांवरचा खारटपणा असे तपशील भरत गेल्यावरच मन तिथे रमते. ध्वनिमुद्रित सूचना सुरुवातीला उपयोगी पडतात, मात्र निवेदकाचा आवाज फारच मधाळ असला तर मला उलट वैताग येतो. मन भरकटल्यास त्याच्याशी न भांडता पुन्हा वाळूकडे वळावे. वाहन चालवताना हे अर्थातच करू नये, आणि डोळे मिटताच ज्यांना जुन्या आघाताच्या आठवणी घेरतात त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच हा सराव करावा.