आत्याच्या डब्यातले कलदार: आधी ओळख, मग प्रत

घरातली जुनी चांदीची नाणी बाहेर निघाली की कुणीतरी विचारतंच, "किती येतील याचे?" माझं म्हणणं, हा प्रश्न काही दिवस दाराबाहेरच ठेवावा. आपल्याकडे काय आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, हे कळल्याशिवाय मिळालेल्या कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

माझ्याकडे आत्याचा पितळी डबा आला. तिचं सासर मराठवाड्यातलं, म्हणून डब्यात दोन राज्यांचे पैसे एकत्र नांदत होते: इंग्रजांचे कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेले चांदीचे रुपये, आणि हैदराबादच्या निजामाचे हाली रुपये. शिवाय तळाशी काही जाडजूड, वेडीवाकडी नाणी, ज्यांवर फारसी अक्षरांचे तुकडे तेवढे दिसतात. मी आधी राज्यांप्रमाणे ढीग केले, मग कलदारांचे राजांप्रमाणे. धुतलं काहीच नाही.

ओळखीसाठी सगळ्यात उपयोगी पडला तो ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. अधेली (अर्धा रुपया) ५.८३ ग्रॅम, पावली (पाव रुपया) २.९२. हातोहात फिरून झिजलेला रुपया थोडा हलका भरतो, ते स्वाभाविक आहे. चारमिनार असलेला हाली रुपया ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि चांदी ८१.८ टक्के. चारमिनारच्या कमानीत एक फारसी अक्षर असतं: मीम असेल तर निजाम महबूब अली खान, ऐन असेल तर त्याच्या नंतरचा निजाम उस्मान अली खान. त्यावरची सालं हिजरी. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी साल जवळपास हाती येतं.

कलदारावरचं साल मात्र जपून वाचावं. १८४० लिहिलेला राणीछाप रुपया १८४० मध्येच पाडला असेल असं नाही; तेच साल १८६२ पर्यंत ठशावर कायम होतं. पुढे '१८६२' हे सालही असंच १८७३ पर्यंत चाललं, आणि त्या नाण्यांवरचे बारीक ठिपके मोजून अभ्यासक त्यांचे प्रकार पाडतात. १८७६ पर्यंत व्हिक्टोरिया 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. एडवर्ड सातवा बोडक्या डोक्याचा, १९०३ ते १९१०. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली उठावदार ठिपका असेल तर टाकसाळ मुंबईची, नसेल तर कलकत्त्याची. त्याच्या १९११ च्या रुपयात अंगरख्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. गदारोळ झाला, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. भिंगातून तो हत्ती बघताना मला फार आनंद झाला. एवढ्याशा सोंडेमुळे सरकारला ठसा बदलावा लागला!

सहाव्या जॉर्जच्या नाण्यांशी सावध राहायचं. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली. आणि १९४७ चा वाघाचा रुपया पूर्ण निकेलचा. त्याला लोहचुंबक चिकटतं, चांदीला चिकटत नाही.

आता प्रत, म्हणजे नाणं किती झिजलंय आणि किती शाबूत आहे, ते ठरवणं. खरी गोडी इथेच आहे, आणि माझी पद्धत इथे थोडी वेगळी आहे. जगभर शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाची १ ते ७० ची मोजपट्टी चालते, आकडा जितका मोठा तितकं नाणं ताजं. ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली गेली आणि नंतर सगळ्याच नाण्यांना लागली. नवख्याने त्या आकड्यांच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ६२ आणि ६३ मधला फरक दिसायला हजारो नाणी डोळ्यांखालून जावी लागतात. फाइन (बरंच झिजलेलं), व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड (वापरात न आलेलं) या चढत्या चार पायऱ्या आधी डोळ्यांत बसू द्याव्यात.

आणि त्या बसवायला आपलाच डबा पुरतो. मी सगळे एडवर्ड काढले आणि मऊ कापडावर एका ओळीत मांडले, सगळ्यात गुळगुळीत डावीकडे, सगळ्यात ताजा उजवीकडे. राजा एक, ठसा एक, फरक फक्त झिजेचा. मग झीज कुठून सुरू होते ते आपोआप दिसायला लागलं. आधी कानाची वरची कड आणि कानावरचे केस सपाट होतात, मग भुवई, मग दाढीचे केस एकमेकांत मिसळतात. डावीकडच्या नाण्यांत तर राजाची नुसती सावली उरलेली. दाढीच्या बटा सुट्या दिसतात पण कानावरचे केस मिटलेत, अशा नाण्याला मी व्हेरी फाइन म्हणते. केसांच्या रेषा जवळजवळ सगळ्या शाबूत आणि फक्त टोकं घासलेली असतील तर एक्स्ट्रीमली फाइन. राणीछापात अशीच कानापाशी केसांची वळणं बघायची, पंचम जॉर्जमध्ये मुकुटाच्या पट्टीवरची रत्नं आणि तो हत्ती.

सपाट भाग म्हणजे दर वेळी झीजच असते असं नाही. कधी टाकसाळीतच ठसा कच्चा बसलेला असतो. नाणं एका दिव्याखाली हळूहळू तिरपं फिरवावं. सपाट जागेवरही मूळ झळाळी फिरत असेल तर ठसा कच्चा, आणि ती जागा मंद, राखट दिसत असेल तर ती बोटांची झीज. कागदावर हे शिकता येत नाही, दिव्याखालीच शिकावं लागतं.

झीज हा काही नाण्याचा अपराध नव्हे, ते पैसे म्हणून जगलं एवढंच तिच्यातून कळतं. इजा वेगळी. आपल्याकडच्या नाण्यांत ती बहुधा माळेची असते: वर, घड्याळातल्या बाराच्या जागी, कडी जोडायला दिलेला डाग (झाळ), किंवा कडी काढल्यावर कानशीने घासलेली कड. कड नेहमी भिंगातून पूर्ण फिरवून बघावी, कडेवरच्या दातांची रांग कुठे तुटते ते कळतं. दुसरी इजा पॉलिशची. चिंच, राख, टूथपेस्ट, ब्रासो, काहीही लावलं तरी चांदीचा वरचा थर जातो आणि एका दिशेच्या बारीक ओरखड्यांची जाळी राहते. अशा नाण्याला ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे नाण्यांची प्रत ठरवून देणाऱ्या कंपन्या, आकडा देत नाहीत, 'क्लीन्ड' असा शेरा मारतात. काळपट, निळसर, तांबूस छटा ही गंधकामुळे चांदीवर चढलेली पुटं आहेत आणि ती नाण्याचं रक्षण करतात. चकचकीत एडवर्डपेक्षा काळवंडलेला, प्रामाणिक एडवर्ड मला कधीही जास्त आवडेल.

तळातल्या वेड्यावाकड्या नाण्यांना हे नियम लागत नाहीत. ती हातोड्याने पाडलेली, चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं चकतीबाहेरच राहिलेली. मराठ्यांच्या टाकसाळीतले अंकुशी, चांदवडी रुपयेही नावाने मुघल बादशाह शाह आलमचे असतात. तिथे टाकसाळीची खूण आणि साल चकतीवर किती आलंय, त्यावर प्रत ठरते. हा ढीग मी अजून सोडवतेय.

खोट्याबद्दल दोन गोष्टी. 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं लिहून राम दरबार किंवा मारुती असलेली 'नाणी' कंपनीने कधीच पाडली नाहीत. आणि १९३९ चा रुपया दुर्मीळ असल्यामुळे १९३८ मधल्या ८ चा ९ केलेले नमुने फिरतात, तेव्हा तो शेवटचा आकडा भिंगाखाली नीट बघा.

ठेवताना मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मायलार या पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं चांगली. नाणं कडेनेच धरावं. प्रत्येक पाकिटात मी एक चिठ्ठी घालते: राजा, साल, टाकसाळ, वजन, माझी प्रत, आणि शेवटी 'आत्याकडून'. परदेशातले नातेवाईक 'एखादं आम्हाला दे' म्हणतात तेव्हा एवढं लक्षात असू द्या, की शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.