रोल फोडता फोडता दुकान झालं: आमची वाटचाल

लोक विचारतात, न्यू जर्सीत एडिसनला मराठी माणसाने जुन्या नाण्यांचं दुकान कसं काय टाकलं, किराणा नाही, मिठाई नाही. खरं सांगायचं तर दुकान काढायचं डोक्यातच नव्हतं. २०१० मध्ये सुपरमार्केटमधल्या सुट्टे मोजायच्या मशीनच्या ट्रेमध्ये एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, पडलेला दिसला, मशीनने नाकारलेला आणि कुणीतरी तसाच सोडून गेलेला. उचलून सहज काउंटरवर टाकला तर आवाज वेगळाच. १९६२ चा निघाला. आमच्या आजीकडे चांदीचे राणीछाप रुपये होते, लक्ष्मीपूजनाला काढायची आणि फरशीवर वाजवून दाखवायची, तो आवाज कानात बसलेला म्हणून कळलं की हा चांदीचा आहे, नाहीतर मी पण सोडूनच दिला असता.

मग वाचायला लागलो. अमेरिकेत १९६४ पर्यंतचे डाइम, क्वार्टर (पाव डॉलर) आणि हाफ (अर्धा) डॉलर ९० टक्के चांदीचे होते. १९६५ च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण गेली, हाफमध्ये मात्र ४० टक्के ठेवली, ती १९७० पर्यंत. आपल्याकडे रुपयाचं पण असंच झालं की, १९४० ला चांदी निम्मी केली आणि १९४७ ला थेट निकेलचा रुपया आला. चांदीवाली नाणी लोकांनी घरात दाबून ठेवली आणि नवी खर्च केली, कोण वेडा चांदी भाजीवाल्याला देईल?

पण हाफ डॉलरचं प्रकरण जरा वेगळं आहे आणि आमचा सगळा खेळ त्यावरच सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून नोव्हेंबर १९६३ मध्ये झाला, पुढच्या वर्षी त्यांच्या चेहऱ्याचा हाफ आला आणि लोकांनी आठवण म्हणून ठेवून दिला, त्यानंतर ते नाणं रोजच्या वापरात परत फारसं रुळलंच नाही. म्हातारी माणसं गेली की मुलं डब्बाच्या डब्बा बँकेत नेऊन भरतात, आत काय आहे ते बघत पण नाहीत. म्हणून बँकेतून रोल, म्हणजे कागदाच्या नळीत भरलेली नाणी, आणून त्यात चांदीवाले शोधायचे. एका रोलमध्ये २० हाफ, बॉक्समध्ये ५० रोल, म्हणजे ५०० डॉलर आणि साधारण सव्वा अकरा किलो वजन. कडेने बघायचं, तांब्याची लाल रेघ दिसली की चांदी नाही, बाजूला, पांढरी स्वच्छ कड दिसली की हृदयात धडधड.

पहिल्या बॉक्समध्ये एक सापडला, १९६७ चा, ४० टक्केवाला. दुसऱ्यात शून्य. तिसऱ्यात शून्य. चौथ्यात एकाच रोलमध्ये सात! मग काय, नाद लागला. रात्री जेवणं झाली की मी आणि ही डायनिंग टेबलावर रोल फोडत बसायचो, मुलगा कागदाच्या नळ्या गोळा करायचा, बोटं काळी आणि सगळ्या घराला तो धातूचा वास.

सापडत नाही हा त्रास नाहीच, खरा त्रास आहे बँकेचा. रोल मागायला गेलं की काउंटरवरची टेलर (कॅशियर) संशयाने बघते. काही ठिकाणी खातं असलं तरच देतात, काही ठिकाणी बॉक्समागे फी घेतात, ती गेली की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शोधून झालेली नाणी परत भरायची तर दुसऱ्या बँकेत, कारण त्याच शाखेत भरली तर पुढच्या आठवड्यात तुमचीच नाणी तुमच्याकडे परत येतात (आमच्याकडे आलेली आहेत, हिने मार्करने टिंब केलेली). एका बँकेने तर पत्र पाठवून खातंच बंद केलं, कारण विचारलं तर धोरण म्हणाले. २०२० मध्ये कोविडमुळे सुट्ट्यांचाच तुटवडा झाला, तेव्हा महिनोनमहिने एक बॉक्स मिळाला नाही.

आणि हिशोब मांडला की उत्साह उतरतो. चांदीचा भाव ३० डॉलर औंस धरला तर ४० टक्केवाल्या हाफमध्ये साडेचार डॉलरची पण चांदी भरत नाही, १९६४ च्या हाफमध्ये पावणे अकरा डॉलरच्या आसपास. त्यासाठी पेट्रोल, फी, रात्रीची झोप. रोल शोधून श्रीमंत झालेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

मग दुकान का? कारण २०११ ला चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेला आणि ओळखीचेच लोक सासऱ्यांचे डबे घेऊन घरी यायला लागले, हे बघून सांगा म्हणून. तेव्हा कळलं की धंदा रोलमध्ये नाही, लोकांच्या कपाटात आहे. जानेवारी २०१३ ला दुकान उघडलं तेव्हा औंस ३० च्या आसपास होता आणि जूनअखेर २० च्या खाली. घेतलेला माल तसाच पडून, पहिलं वर्ष हिच्या पगारावर निघालं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सगळ्यात जीव कधी तुटतो सांगू? एक काका जुना मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, घेऊन आले, चांदीच्या वाटीसारखा टूथपेस्टने घासून लख्ख केलेला. संग्राहकाच्या लेखी तो डॉलर मेला, उरली फक्त चांदीची किंमत. त्यांना सांगताना माझाच घसा कोरडा पडला. कृपा करून जुनं नाणं घासू नका हो, काळं असेल तर काळंच आणा.

आता दुकान व्यवस्थित चालतं. धनत्रयोदशीच्या आठवड्यात तर उभं राहायला जागा नसते, वर्षाचा मोठा गल्ला तेव्हाच. भारतातले राणीछाप पण ठेवतो, पण प्रत्येक नाणं वजन करून आणि गिऱ्हाईकासमोर वाजवूनच देतो, कारण नकली फार आलेत.

रोल मी सोडले, हिने नाही सोडले. महिन्याला एक बॉक्स अजून आणते. गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास तिच्या एका रोलमध्ये १९४३ चा वॉकिंग लिबर्टी हाफ, केनेडींच्या आधीचा चांदीचा, निघाला, पार गुळगुळीत झालेला. मी किंमत सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली हा विकायचा नाही, आणि दिवाळीला आजीच्या रुपयाशेजारी ताटात ठेवला.